ओट्यावरच्या पांढऱ्या रेघा

माझ्या बायकोची नजर गेली ती आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी रोज तिला सांडासांडीवरून बोलत राहिलो. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणारा मला भला माणूस समजायचा, आणि ते मला नको आहे.

मी फिटर. म्हणजे आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवायचो. रिटायर झाल्यावर मंठ्याला घर बांधलं, तिथंच राहतो. फिटरच्या धंद्यात एक असतं, काम कसं झालं ते नंतर बघतात, आधी बेंच बघतात. बेंचवर लोखंडाचा कीस पडलेला, कानशी उघड्या, कॅलिपरवर हातोडी ठेवलेली, असल्या माणसाचा जॉब, म्हणजे त्यानं घडवलेला तुकडा, मी तपासायलाच घेत नव्हतो. आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर एक मोठी फळी होती आणि तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली होती. पक्कडीच्या जागी पक्कडीची, करवतीच्या जागी करवतीची. सुट्टीच्या आधी फळीकडं नुसतं बघायचं. आकृती रिकामी दिसली की हत्यार जागेवर नाही, विषय संपला. मला ती फळी फार आवडायची. घर काही त्या फळीसारखं राहायचं नाही, आणि त्यावरून आमची निम्मी भांडणं झाली.

कॉफीचं मशीन बायकोचं होतं. हेही सांगून ठेवतो, कारण पुढं मी ते माझंच असल्यासारखा वागलो.

मुलीच्या बाळंतपणाला ती पुण्याला गेल्ती. पाच महिने राहिली. जावयाला कॉफीचं वेड, घरात एस्प्रेसो काढायचं मशीन. सकाळी बाळाची आंघोळ उरकली की तो सासूला एक छोटा कप काढून द्यायचा. जन्मभर चहावर वाढलेली बाई, पण तिला त्या कडू घोटाची चटक लागली. मंठ्याला परत आल्यावर तिनं दुकानातली पुडीची कॉफी करून बघितली आणि मोरीत ओतून दिली. मुलीला ते कळलं. महिन्याभरात खोक्यात बांधून मशीन आलं, बिया दळायचं ग्राइंडर आलं. "आईनं जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितलंय, बाबा. तुम्ही मधे बोलू नका," असं मुलीनं मला फोनवर बजावलं.

मी पहिला घोट घेतला तेव्हा म्हणालो, याच्यापेक्षा काडेचिराईत बरं. पण मशीन बघून मात्र मी हरखलो. नऊ बारचा दाब. बिया बारीक दळायच्या, ती भुकटी दांड्याच्या गाळणीत भरायची, वरून दट्ट्यानं सपाट दाबायची, दांडा मशीनला अडकवायचा आणि बटण दाबायचं. पंप घुमायला लागतो, उकळत्याच्या जरा खालचं पाणी त्या दाबानं भुकटीतून निघतं आणि अर्ध्या मिनिटात ओंजळभरसुद्धा नाही एवढा काळा रस कपात उतरतो, वर तांबूस फेस. गाळणीत उरते ती घट्ट चकती. तेलाच्या घाण्यातून निघालेल्या पेंडीच्या तुकड्यासारखी दिसते, म्हणून आम्ही तिला पेंडच म्हणायचो.

आणि एवढ्याशा रसासाठी जो पसारा होतो, तो बिलकुल बघवत नाही. भुकटी उडते, ती ओल्या ग्रॅनाइटवर बसली की चिकटते आणि तिचे डाग पडतात. वाफेच्या नळीवर दूध वाळतं. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके राहतात. पेंड डब्याच्या काठावर आपटली की निम्मी आत, निम्मी बाहेर. मी दुसऱ्याच दिवशी नियम घालून दिले. फडकी तीन. एक ओट्याचं, एक वाफेच्या नळीचं, एक कोरडं, गाळणी पुसायला. कुठलंच दुसऱ्या कामाला वापरायचं नाही. आधी पुसायचं, मग प्यायचं. ती म्हणाली, "अहो, पुसेपर्यंत गार होती ना कॉफी." मी म्हणालो, "मंग जल्दी पुसायचं."

पहिलं वर्ष बरं गेलं. खरं सांगायचं तर तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. भुकटी दाबून झाली की अंगठ्यानं गाळणीची कड पुसून घ्यायची, एक कण खाली पडू द्यायची नाही. कप घेऊन खिडकीशी उभी राहायची आणि तीन घोटांत संपवायची. तेवढा वेळ कुणाशी बोलायची नाही. मला वाटायचं, काय एवढं ठेवलंय त्यात. आता वाटतं, तेवढाच वेळ तिच्या मालकीचा होता.

मग सांडायला लागलं. भुकटी दांड्याच्या डाव्या बाजूला पडायची. दरवेळी डाव्याच. कप ओट्याच्या काठावर अर्धा बाहेर. दुधाच्या भांड्याला कोपर लागायचं आणि दूध थेट खालच्या ड्रॉवरमध्ये. पुसून झालं म्हणायची आणि डाव्या कोपऱ्यात भुकटीचा ढीग तसाच. माझ्या डोक्यात जायचं ते. माझं तोंड वाईट आहे, हे मंठ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. "तुझ्यासारखा कुणी बेंचवर असता तर पहिल्या आठवड्यात शॉपच्या भायेर काढला असता," असं मी तिला म्हणालो. एकदा नाही, पुष्कळदा. ती म्हणायची, "जल्दीत झालं." आणि परत पुसायची. तेही अर्धंच.

एकदा तिनं सांगितलं होतं. मला बराबर आठवतं, ती ग्राइंडरपाशी उभी होती, मी टेबलाशी पेपर वाचत होतो. ती म्हणाली, "मला ना, हल्ली डाव्या अंगाचं कळतच न्हाई." मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, "लक्ष नसलं की उजव्या अंगाचं बी कळत न्हाई." हे माझं वाक्य मला इतकं आवडलं की संध्याकाळी मी ते शेजाऱ्याला सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो. त्या हसण्याची मला आता शिसारी येते.

बाकीच्या खुणा काय कमी होत्या का? देवळाच्या पायरीवर चुकली, गुडघा फोडून घेतला. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. शिलाई मशीनवर कापड टाकून ठेवलं, म्हणाली डोळ्याला ताण येतो. बाजारात शेजारीण अगदी बाजूनं गेली तरी ही ओळख न देता पुढं निघाली, तर ती बाई घरी येऊन मला म्हणते, "सर, पुण्याहून आल्यापासून बाई लई मोठ्या झाल्या." मी बायकोला चष्म्याच्या दुकानात नेलंही होतं. समोर अक्षरांची पाटी, तिनं शेवटची बारीक ओळ धाडधाड वाचली. दुकानदार म्हणाला, नजर चांगली आहे, नंबर थोडा बदललाय. मला काय, दाखलाच मिळाला. नजर चांगली, म्हणजे दोष लक्षाचा. त्यानंतर मी जास्तच बोलायला लागलो.

आणि मग मला फळी आठवली.

हार्डवेअरच्या दुकानातून पांढऱ्या ऑइल पेंटचा लहान डबा आणला, बारीक ब्रश आणला. आमचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. एका रविवारी सगळं पुसून कोरडं केलं आणि एकेक वस्तू जागेवर ठेवून तिच्या भोवती रेघ मारली. बियांच्या डब्याचा गोल, ग्राइंडरचा चौकोन, दट्ट्याचा लहान गोल, दोन कपांचे दोन गोल, दुधाच्या भांड्याची चोचीसकट आकृती, पेंडीच्या डब्याचा लंबगोल, तीन फडक्यांचे तीन चौकोन. पुसून जाऊ नयेत म्हणून दोन हात दिले, त्यामुळं रेघा जरा उचलून आल्या. माझी भावजय आल्ती, ती म्हणाली, "अगं बया, भाऊजी, ओट्यावर रांगोळी काढली व्हय?" सगळे हसले. बायको दाराशी हाताची घडी घालून उभी होती. ती हसली नाही, रागावलीही नाही. नुसती त्या रेघांकडं, मान या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत फिरवत, सावकाश बघत होती. मला वाटलं, शिस्त बघून दबली.

दुसऱ्या दिवसापासून सांडायचं कमी झालं. आठ-दहा दिवसांत बंदच झालं. ओटा असा लख्ख की तिथं मी जेवलो असतो. मी जिंकलो. मुलीला फोनवर सांगितलं, "तुझी आई सुधारली बघ. या वयात सुधारणा म्हणजे काय समजतीस." मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे करा." पण मला काही पुरे होईना. पाहुणा आला की मी त्याला ओटा दाखवायचो, साहेबाला वर्कशॉप दाखवावं तसा.

तिची काम करायची पद्धत बदलली होती, ती मला दिसत होती. हात टाकायच्या आधी ती बोटानं रेघ चाचपायची. मला वाटलं, वा, आधी जागा मग हात, हेच तर मी जन्मभर शिकवलं. ग्राइंडर चालू असताना ती मान खाली घालून ऐकायची आणि आवाज बदलला की बंद करायची. दूध तापलं का ते भांड्याला तळवा लावून बघायची. कपात रस उतरत असताना कपाकडं बघायचीसुद्धा नाही, ओठ हलवत आकडे म्हणायची. मी म्हणालो, हात बसला. चांगल्या कारागिराचं असंच असतं, त्याला बघावं लागत नाही. असं मी तिला बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "हां, हात बसला," आणि फडकं त्याच्या चौकोनात ठेवलं.

एक वर्ष असं गेलं. त्या वर्षात मी तिला एकदाही रागावलो नाही. आमच्या संसारातलं सगळ्यात शांत वर्ष.

थंडीचे दिवस होते, सकाळी नऊचा सुमार. मशीनमध्ये क्षार साचले होते म्हणून मी लिंबूसत्वाचं पाणी टाकून ते धूत होतो. आतलं वाफाळतं पाणी दुधाच्या भांड्यात काढलं, तेवढ्यात गॅसवाल्यानं गेटपाशी हाक मारली. मी भांडं समोर जागा दिसली तिथं टेकवलं आणि गेलो. ती जागा ओट्याच्या फडक्याची होती. फडकं माझ्या खांद्यावर होतं. सगळ्या नोकरीत मी असं कधी केलं नव्हतं, ते त्या दिवशी केलं.

ती आत आली. तिच्या कॉफीची वेळ झाली होती. तिनं रेघ चाचपली, चौकोन बरोबर सापडला, आणि रोजच्यासारखा फडकं उचलायला हात टाकला. बोटं पाण्यात गेली, भांडं कलंडलं, राहिलेलं पाणी मनगटावर आलं.

मी आवाज ऐकून पळत आलो. आणि पहिल्यांदा काय बघितलं तर ओटा. पाणी ओट्यावरून ड्रॉवरमध्ये चाललं होतं, ते बघितलं. तिचा हात नंतर बघितला. हेही लिहायचंच आहे. मी ओरडलो, "एवढं वाफ येऊन राह्यलेलं भांडं, दिसत न्हाई का तुला?"

"न्हाई," ती म्हणाली.

मला वाटलं, उलट बोलली. मी पुढं काहीतरी बोलणार होतो. तर ती नळाखाली हात धरून, माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "न्हाई दिसत. लई दिवस झाले."

हाताला मलमपट्टी केली आणि दोन दिवसांनी जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी डोळ्यात औषध टाकून बघितलं, डोळ्यातला दाब मोजला, मग एका मोठ्या पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात तिला हनुवटी टेकवून बसवलं. आत कुठंतरी बारीक उजेड लागणार, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी बाजूच्या स्टुलावर बसलो होतो. यंत्राचा बारीक आवाज येत होता आणि बटणाचा आवाज काही येत नव्हता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, दाब की, दाब की. मध्येच एखादं टक् व्हायचं. मग परत कितीतरी वेळ काही नाही.

कागद छापून आला. मला ड्रॉइंग वाचायची सवय, कुणी समजवायची गरज पडली नाही. डाव्या डोळ्याचा गोल जवळजवळ सगळा काळा. उजव्याचा कडेनं काळा आणि मध्ये एक पांढरं भोक. त्या भोकातून तिनं चष्म्याच्या दुकानातली बारीक ओळ वाचली होती.

डॉक्टर तरुण होते, शांत बोलत होते. म्हणाले, काचबिंदू आहे. यात दुखत नाही. कडेची नजर आधी जाते, त्यामुळं पेशंटला कळत नाही, घरच्यांना आधी कळतं. माणूस धडकतो, हातून सांडतं. मग त्यांनी मला विचारलं, "यांच्या हातून काही सांडत नव्हतं का?"

मी म्हणालो, "आधी सांडायचं. मंग मी शिस्त लावली."

त्यांना ते कळलं नसावं. मी ओट्याचं, रेघांचं सगळं सांगितलं. ते पेन खाली ठेवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सांडायचं तेव्हाच आला असता तर बरंच राखता आलं असतं. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकते का बघू." मग विचारलं, घरात कुणाला होता का. बायको म्हणाली, "आईला. तवा कुणी नाव घेतलं न्हाई, म्हातारपण म्हणले."

परत येताना बसमध्ये तिनं खिडकीची जागा मला दिली, मला काय करायचीय म्हणाली. आणि मग बोलत राहिली, सरळ समोर बघत. तिचं माहेर धावड्याचं. आईची नजर अशीच कडेकडेनं गेली. आई कुणाला सांगायची नाही. चुलीपाशी पिठाचा डबा, तवा, उलथनं, सगळं ठरलेल्या जागी ठेवून भाकरी करायची, आणि कुणी डबा हलवला की जीव खाऊन भांडायची. एक दिवस पदरानं पेट घेतला. भावांनी तिला चुलीपासून उठवलं आणि पडवीत खाटेवर बसवलं. "ताट हातात मिळायचं. कुणी वाईट बोललं न्हाई तिला. पण पुन्हा पिठाला हात लावू दिला न्हाई. चार वर्षं खाटंवर नुसती बसून होती. त्यातच गेली." मग म्हणाली, "मला बी तेच होऊन राह्यलंय, हे मला तुम्ही रेघा मारल्या त्या दिवशी पक्कं कळलं. एका टायमाला एकच गोल दिसत होता. सांगितलं असतं तर तुम्ही आधी ओट्यावरून उठवलं असतं."

मी म्हणालो, "मी असा हाय का?"

तिनं पिशवीतला तो छापलेला कागद चाचपला आणि त्याची घडी नीट केली. रामनगरच्या पुढं बस बराच वेळ उभी होती.

आणि घरी आल्यावर मी काय केलं? मशीन खोक्यात भरलं आणि माळ्यावर टाकलं. वाफ आहे, उकळतं पाणी आहे, वीज आहे. उद्या पुन्हा भाजली तर? मुलगी फोनवर रडत होती, तिला मी ठणकावून सांगितलं, जीव मोठा का कॉफी मोठी. मी सकाळी चहा करायचो, कप तिच्या हातात द्यायचो, आणि ती दारापाशी खुर्चीवर बसून प्यायची. चांगला झालाय, म्हणायची. मी कधी नव्हे तो गोड बोलत होतो. दहा-बारा दिवस मी असाच भला माणूस होऊन वागत होतो.

एका दुपारी तिच्या डोळ्यांचे थेंब आणायला गेल्तो. परत आलो तर घर शांत. चपला काढून आत गेलो आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबलो. ती ओट्यापाशी उभी होती. ओटा मोकळा, नुसत्या रेघा. ती बोटानं रेघा गिरवत होती. डब्याचा गोल पुरा केला, मग ग्राइंडरचा चौकोन, मग दट्ट्याचा. त्या रिकाम्या गोलावर मूठ ठेवून तिनं दाब दिला. मग पुढं सरकली, भांड्याची चोच गिरवली, कप गिरवले. शेवटी फडक्याच्या चौकोनाशी बोटं नेली आणि हात झटकन मागं घेतला. मग पुन्हा पहिल्यापासून.

मला रडू आलं. मी साठी ओलांडलेला माणूस, आई गेली तेव्हाही चारचौघांत रडलो नव्हतो. उलट्या पावली बाहेर आलो, पायरीवर बसलो, आणि मग गेट जोरात वाजवून, खोकत, चपला आपटत परत आत गेलो. ती तोवर खुर्चीवर येऊन बसली होती.

मी माळ्यावरून खोका काढला. माफी मागायला माझी जीभ वळली नाही. म्हणालो, "मशीन असं बंद ठेवलं तर गंजून जाईल."

"जाईल ना," ती म्हणाली, आणि उठली.

त्याला आता दोन वर्षं होत आली. नियम तेच आहेत, फक्त ते मला लागू आहेत. ती कॉफी काढते, मी जागा सांभाळतो. गरम काही असलं की मोठ्यानं नाव घेऊन ठेवायचं. रेघेच्या बाहेर काही जाता कामा नये. झाडू मारताना माझ्या धक्क्यानं बियांचा डबा जरा जरी सरकला, तरी तिला कळतं. "दोन बोटं सरकलाय डबा. असं बेंचवर चाललं असतं का, सर?" असं ती म्हणते आणि हसते. मी गुपचूप डबा सरळ करतो. रंग झिजला की पुन्हा ब्रश घेऊन बसतो, आता तीन हात देतो, रेघ बोटाला चांगली लागावी म्हणून. एस्प्रेसो मला आजही आवडत नाही. तरी रोज पितो, कारण तिला दुसरा कप काढायला आवडतो. फेस तांबूस आलाय का, ती विचारते. मी आलाय म्हणतो. बहुतेक वेळा आलेला असतो.

थेंब तीन तऱ्हेचे आहेत, दोन थेंबांत पाच मिनिटं सोडायची. मी घड्याळ लावून टाकतो, एकही वेळ चुकवलेली नाही. तरी दर काही महिन्यांनी जालन्याला तो कागद निघतो आणि त्यातलं पांढरं भोक आधीपेक्षा लहान असतं. डॉक्टर म्हणतात, फार उशिरा सुरू झालं. आधी ती म्हणायची, तुमचं तोंड पुरं दिसतं. मग म्हणायला लागली, नाक आणि मिशा दिसतात. त्यानंतर मी विचारायचं बंद केलं.

परवाची गोष्ट. सकाळचे साडेआठ. आमची स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे, या दिवसांत ऊन थेट ओट्यावर येतं, काळा ग्रॅनाइट डोळ्यावर येईल इतका चमकतो. तिनं बिया दळल्या, भुकटी दाबली, अंगठ्यानं कड पुसली, दांडा अडकवला. कप खाली लावला. बटण दाबलं, पंप घुमायला लागला, रस उतरायला लागला. ती नेहमीसारखी आकडे मोजत होती. मध्येच थांबली. मान वर केली, खिडकीकडं वळवली, मग माझ्याकडं. ऊन तिच्या तोंडावर होतं.

"लाइट गेली का हो?" तिनं विचारलं.

मशीन विजेवर चालतं. लाइट गेली की ते मुकं होतं, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे. ते आमच्या दोघांच्या मध्ये घों घों करत होतं, खालचा कप थरथरत होता. केसभराच्या चुकीवरून मी लोकांचे जॉब परत केलेत, खोटी मापं कधी लिहून दिली नाहीत.

मी म्हणालो, "हो. गेली."

ती तशीच उभी राहिली, मशीनचा आवाज ऐकत. राहिलेले आकडे तिनं ओठातल्या ओठात पुरे केले आणि बोटानं बटण शोधून बंद केलं. आवाज थांबला. तिनं फडकं घेतलं, कपाचं बूड पुसलं.

"येईल मंग थोड्या वेळानं," ती म्हणाली, आणि माझा कप बराबर त्याच्या गोलात ठेवला.